दोन राष्ट्रपती, एक मैत्री

'राष्ट्रपती' हा शब्द कानी पडला की आज आपल्या डोळ्यांपुढे दिल्लीतील तो प्रचंड वाडा, घोडेस्वार शरीररक्षक आणि २६ जानेवारीचे संचलन उभे राहते. परंतु हा शब्द आपल्या प्रजासत्ताकाहून वयाने वडील आहे. १९५० पूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक राष्ट्रपती म्हणत. त्या राष्ट्रपतीला वाडा नव्हता, शरीररक्षक नव्हते. होता तो आगगाडीचा प्रवास, सभा आणि अधूनमधून तुरुंग. १९३७ साली जवाहरलाल नेहरूंनी 'चाणक्य' असे टोपणनाव घेऊन कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात स्वतःवरच एक टीकालेख लिहिला. त्या लेखाचे नावही 'राष्ट्रपती' असेच होते.

या जुन्या आणि नव्या अर्थांच्या मधोमध एका मैत्रीची हकीकत आहे. ती मला फार दिवस सांगावयाची होती. १९३६ साली जवाहरलाल नवे राष्ट्रपती झाले, आणि त्यांच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या वर्तनाविरुद्ध राजेंद्रप्रसादांनी राजीनामा लिहिला. पुढे १९५० साली राजेंद्रप्रसाद नव्या अर्थाने राष्ट्रपती झाले, आणि त्यांच्या पहिल्या दीड-दोन वर्षांतील वर्तनाला जवाहरलालांनी हरकत घेतली. माणसे तीच, फक्त खुर्च्या बदलल्या.

ही हकीकत यंदाच का सांगतो आहे, तेही सांगून टाकतो. आमच्या मुलुंडात माझ्या ओळखीचे दोन गृहस्थ आहेत. तीस वर्षांचा स्नेह. सकाळचे फिरणे बरोबर, वाचनालयातले वर्तमानपत्र अर्धे अर्धे वाटून घेणार. एकाचा मुलगा अमेरिकेत, दुसऱ्याची भाची तिकडेच. तिकडे नवा अध्यक्ष आला, त्याने आल्या आल्या हुकमांचा सपाटा लावला, आणि इकडे मुलुंडात या दोघांचे बोलणे बंद झाले! एकाला तो अध्यक्ष कर्तबगार वाटतो, दुसऱ्याला उर्मट. अध्यक्षाला या दोघांचा पत्ताही नाही. पण गेल्या दिवाळीत एका घरच्या चकल्या दुसऱ्या घरी गेल्या नाहीत, हे मात्र खरे. अशा वेळी मला ती १९३६ सालची पत्रे आठवतात. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. इतिहास शिकलो तो वाचनालयातल्या पुस्तकांतून, आणि कादंबऱ्या लिहावयास लागल्यापासून पुस्तकांत प्रथम माणसे शोधण्याची खोड लागली. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

तर प्रथम १९३४ साल. त्या वर्षी जानेवारीत बिहारात भयंकर भूकंप झाला. दम्याने जर्जर झालेले राजेंद्रबाबू तुरुंगातून सुटून मदतकार्याला लागले, आणि साऱ्या देशाला त्यांचे नाव ठाऊक झाले. ऑक्टोबरात मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष तेच. धोतर गुडघ्यापर्यंत, मिशा अस्ताव्यस्त, बोलणे हळू. वकिलीत पैसा मिळवीत असता तो सोडून चंपारण्यात गांधीजींच्या मागे गेलेला हा माणूस. आवाज चढवून बोलणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

त्यांच्यानंतर एप्रिल १९३६ मध्ये लखनौच्या अधिवेशनात अध्यक्षपद जवाहरलालांकडे आले. वय सेहेचाळीस. २८ फेब्रुवारीस स्वित्झर्लंडमधील लोझान येथे पत्नी कमला वारल्या होत्या. ते दुःख ताजे असतानाच ते परतले आणि थेट व्यासपीठावर चढले. युरोपात फॅसिझमची काळी छाया त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. लखनौच्या भाषणात त्यांनी स्वच्छ सांगितले की, जगाच्या आणि हिंदुस्थानच्या दुखण्यावर समाजवादावाचून दुसरे औषध आपल्याला दिसत नाही. काँग्रेसने हे मत स्वीकारलेले नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते. पण अध्यक्ष बोलतो तेव्हा ते मत त्याचे एकट्याचे राहते काय? सगळा वाद पुढे या एका प्रश्नाभोवतीच फिरला.

कार्यकारिणी नेमताना जवाहरलालांनी तीन समाजवादी घेतले: जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव आणि आपल्या अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन. बहुमत मात्र जुन्या मंडळींचेच राहिले. त्यांत वल्लभभाई होते, राजाजी होते, राजेंद्रबाबू होते, वर्ध्याचे जमनालाल बजाज होते आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव होते. म्हणजे या भांडणात दोन्ही बाजूंना एकेक मराठी माणूस होता.

मे महिन्यात नवे अध्यक्ष मुंबईस आले आणि सभांमागून सभा गाजवू लागले. मुंबईचे धनिक घाबरले. त्यांच्यापैकी एकवीस जणांनी एक पत्रक काढून जवाहरलालांच्या समाजवादी प्रचाराचा निषेध केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचीही त्यावर सही होती. गंमत अशी की, घनश्यामदास बिर्लांनी वालचंदांना पत्र लिहून त्यांचीच कानउघाडणी केली. अशा पत्रकांनी आपल्याच वर्गाचे नुकसान होते, असा त्यांचा रोख होता. बिर्ला व्यवहारी गृहस्थ. भिंतीवर डोके आपटण्यापेक्षा दारातून आत जावे, हे त्यांना कळत होते.

परंतु धनिकांची नाराजी ही बाहेरची गोष्ट. खरा घाव घरातून यावयाचा होता. २९ जून १९३६ रोजी वर्ध्याहून जवाहरलालांना एक पत्र गेले. त्यावर सात सह्या होत्या: राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जयरामदास दौलतराम, जमनालाल बजाज, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव. मजकुराचा मथितार्थ असा: काँग्रेसने समाजवाद स्वीकारलेला नाही, अशा वेळी अध्यक्षांनी आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी त्याचा प्रचार चालवणे देशाच्या लढ्याला बाधक आहे, म्हणून आम्ही कार्यकारिणीचा राजीनामा देतो.

नवा अध्यक्ष येऊन तीन महिनेही पुरते झाले नव्हते, आणि कार्यकारिणी फुटली! निवडणुका सहा-सात महिन्यांवर. सरकारला याहून अधिक काय हवे होते?

गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले होते. या शेगावाचेच पुढे सेवाग्राम झाले. त्यांनी मंडळींना समजावले आणि राजीनामे परत घेतले गेले. इथवरची गोष्ट इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. राजीनामा परत घेतल्यावर राजेंद्रबाबू गप्प बसले नाहीत. १ जुलैस त्यांनी जवाहरलालांना खाजगी पत्र लिहिले आणि मनातले सारे शल्य उघड केले. आम्ही कालबाह्य झालो, आमच्या कल्पना शिळ्या, आम्ही देशाच्या प्रगतीच्या आड येणारे अडथळे, असा समज पसरवला जात आहे आणि त्याने आम्हाला अतिशय दुःख होते, हे त्या पत्राचे सार. सात सह्यांच्या पत्रात तत्त्वाचा वाद होता. या पत्रात मात्र एका मनुष्याचे दुखावलेले मन होते. तत्त्वाच्या मागे बहुधा असे मन लपलेले असते. ते उघड करून दाखवण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

जवाहरलालही दुखावले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी गांधीजींना लांबलचक पत्र लिहिले. पद सोडावे असे त्यांच्या मनात येऊ लागले होते. गांधीजींचे उत्तर वडीलधाऱ्या माणसाला शोभेल असेच होते. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. सहकारी असहिष्णु असतील, तर त्या दुर्गुणाचा तुझ्याजवळचा वाटा अधिकच आहे, असे त्यांनी लाडक्या शिष्याला सुनावले. त्यांच्या मते या प्रकरणात रडण्यापेक्षा हसण्याजोगेच अधिक होते. तुमच्या आपसातल्या असहिष्णुतेपायी देशाने हाल का सोसावेत, हा त्यांचा सवाल होता.

यापुढचा अंक आपल्या खानदेशात झाला. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. आमच्या मुलुंडावरून जाणारी आगगाडीची वाट पुढे भुसावळला जाते; मुंबईच्या मंडळींना फैजपूर गाठावयाचे तर वाट हीच. नंदलाल बसूंनी बांबू आणि गावठी सामान वापरून मंडप-कमानी सजवल्या. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्यांनी गावोगाव हिंडून माणसे जमवली. आणि स्वागताध्यक्ष कोण? राजीनाम्यावर सही करणारे शंकरराव देव! ज्यांच्याविरुद्ध सहा महिन्यांपूर्वी राजीनामा दिला, त्याच अध्यक्षाचे स्वागत शंकररावांनी केले. कारण फैजपूरचे अध्यक्षही जवाहरलालच होते. वल्लभभाईंचे नाव पुढे आले असता त्यांनी ते मागे घेतले. आणि मागे घेताना, काही महत्त्वाच्या बाबतींत आपले जवाहरलालांशी पटत नाही, हेही जाहीर सांगितले. मतभेद लपवला नाही आणि वाटही अडवली नाही.

फैजपूरने शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर केला. खंड आणि शेतसारा कमी करावा, कर्जाचा बोजा हलका करावा, अशी त्यातली कलमे होती. समाजवाद हा शब्द काँग्रेसच्या गळी उतरला नाही, पण शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न उतरला. जवाहरलाल मग निवडणुकीच्या दौऱ्यावर निघाले आणि चार-पाच महिन्यांत सुमारे ५० हजार मैल हिंडले. १९३७ च्या निवडणुकांत काँग्रेसने मोठे यश मिळवले. त्या यशात समाजवादी अध्यक्षाची वाणी होती आणि वल्लभभाई-राजेंद्रबाबूंची बांधबंदिस्तीही होती.

पुढे ९ ऑगस्ट १९४२ उजाडला. मुंबईत पहाटे धरपकड झाली आणि नेत्यांना घेऊन एक खास गाडी बोरीबंदरहून निघाली. आमच्या मुलुंड स्टेशनावरूनच ती कल्याणकडे गेली. त्या गाडीतले कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. त्यांत जवाहरलाल होते, वल्लभभाई होते, कृपलानी होते, शंकरराव देव होते आणि समाजवादी नरेंद्र देवही होते. सहा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध पत्रे लिहिणारे आता एकाच अंगणात फेऱ्या घालू लागले. राजेंद्रबाबू आजारी म्हणून पाटण्यातच राहिले होते. त्यांना तिथल्या बांकीपूर तुरुंगात टाकले. जमनालाल त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते. आणि अच्युतराव पटवर्धन? अहमदनगरचा हा सुपुत्र तेवढा अहमदनगरच्या किल्ल्यात नव्हता! तो भूमिगत झाला आणि अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागला नाही.

आता दुसरा भाग. स्वातंत्र्य आले. घटना तयार झाली. घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रबाबू. पहिला राष्ट्रपती कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा जवाहरलालांच्या मनात राजाजी होते. ते गव्हर्नर जनरलच्या जागी होतेच. परंतु काँग्रेसजनांचा कल राजेंद्रबाबूंकडे होता. २४ जानेवारी १९५० रोजी ते बिनविरोध निवडून आले आणि २६ तारखेस त्यांनी शपथ घेतली. घटनेने त्यांना दरमहा १० हजार रुपये पगार ठरवला होता. त्यात त्यांनी आपण होऊन कपात केली. यावर वाद होण्यासारखे काही नव्हते. वाद झाला तो दोन निराळ्याच गोष्टींवरून.

पहिली गोष्ट सोमनाथाची. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल सोमनाथला गेले, तेव्हा पुण्याचे काकासाहेब गाडगीळ त्यांच्याबरोबर होते. मंदिर पुन्हा उभारण्याचा संकल्प तिथे जाहीर झाला. हा पैसा सरकारी तिजोरीतून येऊ नये, लोकांनी द्यावा, असे गांधीजींनी सांगितले. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईस सरदार वारले. पुढे कन्हैयालाल मुनशींनी काम तडीस नेले आणि प्रतिष्ठापनेचे निमंत्रण राष्ट्रपतींना दिले. जवाहरलालांनी राजेंद्रबाबूंना लिहिले की, आपण जाऊ नये हे बरे. निधर्मी राज्याच्या प्रमुखाने अशा थाटाच्या समारंभाशी संबंध जोडल्यास त्याचे भलते अर्थ निघतील. विश्वस्तांनी परदेशांतील वकिलातींकडे तिथल्या नद्यांचे पाणी, माती आणि डहाळ्या मागवल्या होत्या, त्याचाही त्यांना त्रास झाला. राजेंद्रबाबूंचे म्हणणे असे की, मला मशिदीत किंवा चर्चमध्ये बोलावले तरी मी जाईन. निधर्मी म्हणजे धर्माचा वैरी नव्हे. ११ मे १९५१ रोजी ते गेले. आणि जवाहरलालांनी त्याआधीच सर्व मुख्यमंत्र्यांना कळवून टाकले की, या समारंभाशी सरकारचा काही संबंध नाही.

येथे एक मराठी नाव सांगितले पाहिजे. त्या प्रतिष्ठापनेचे मुख्य पौरोहित्य वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले. शास्त्रीबोवा मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी, कडवे बुद्धिवादी. १९३३ साली पुण्यात गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनीच लावला होता. म्हणजे सोमनाथाला गेला तो सनातनी आणि गेला नाही तो सुधारक, अशी सोपी वाटणी करू पाहणाऱ्याची येथे फजिती होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. हिंदू कोड बिल. डॉ. आंबेडकरांनी त्यासाठी जिवाचे रान केले होते. बायकांना घटस्फोटाचा आणि वारशाचा हक्क मिळावा, पुरुषाने दुसरी बायको करू नये, हा त्याचा गाभा. आपल्या मुंबई इलाख्यात द्विभार्याबंदीचा कायदा १९४६ साली आणि घटस्फोटाचा १९४७ साली झालेला होता. देशाला तो अजून मिळावयाचा होता. सप्टेंबर १९५१ मध्ये बिल पार्लमेंटपुढे असता राष्ट्रपतींनी पंतप्रधानांना लिहिले की, हे पार्लमेंट प्रौढ मतदानाने निवडलेले नाही. समाजाच्या मुळाला हात घालणारा कायदा करण्याआधी लोकांना विचारा. संमतीचा प्रश्न आल्यास मी माझ्या विवेकाप्रमाणे वागेन, असेही त्यांनी सुचवले.

प्रश्न पुन्हा तोच, पण आता उलटा. १९३६ साली अध्यक्षाला स्वतःचे मत असते काय, असे राजेंद्रबाबूंनी विचारले होते. १९५१ साली तेच जवाहरलाल त्यांना विचारीत होते. जवाहरलालांनी ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि घटनापंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा सल्ला घेतला. दोघांनीही सांगितले की, राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच चालावयाचे. राजेंद्रबाबूंनी तंटा वाढवला नाही. पण शंका त्यांच्या मनातून गेली नाही. १९६० साली दिल्लीत एका समारंभात, राष्ट्रपतीचे अधिकार नेमके कोणते याचा कायदेपंडितांनी अभ्यास करावा, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हा सल्ला बंधनकारक असल्याचे घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिले गेले ते १९७६ साली.

ही मैत्रीची कथा गोड आहे, पण तिची किंमत कोणी दिली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बिलाला विरोध एकट्या राष्ट्रपतींचा नव्हता. पक्षातच तो दांडगा होता. जवाहरलालांनी माघार घेतली, बिल बारगळले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या राजीनाम्याला इतरही कारणे होती, पण या बिलाचे दुःख त्यांत मोठे होते. मोठी माणसे एकमेकांना सांभाळून घेतात तेव्हा बाहेर कोणीतरी ताटकळत उभे असते. येथे देशातल्या बायका चार वर्षे उभ्या राहिल्या.

त्यानंतर निवडणुका झाल्या. नव्या, लोकांनी निवडलेल्या पार्लमेंटने बिलाचे तुकडे करून एकेक मंजूर केला. विवाहाचा कायदा मे १९५५ मध्ये, वारशाचा जून १९५६ मध्ये, पालकत्वाचा आणि दत्तकाचाही त्याच वर्षी. या चारही कायद्यांवर संमतीची सही कोणाची? राजेंद्रप्रसादांची. लोकांना विचारा, असे त्यांनी म्हटले होते. लोकांना विचारून झाले. त्यांनी सही केली. दत्तकाच्या कायद्यावर सही झाली ती डिसेंबरात. डॉ. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी आपल्यातून निघून गेले होते. मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाइतका वाटा मिळण्यास तर महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडावे लागले.

या दोघांत बरोबर कोण होते? सोमनाथाच्या बाबतीत माझे मन आजही दुभंगते. हिंदू कोडाच्या बाबतीत मी निःशंकपणे जवाहरलालांच्या बाजूचा आहे, आणि त्यांनी तेव्हा माघार घेतली याचा मला रागही येतो. वाचकांचे मत निराळे असू शकेल. पण वादाची त्यांची रीत मात्र दोघांकडूनही घेण्यासारखी आहे. जे सांगावयाचे ते ज्याचे त्याला लिहून सांगितले. दुखले तर दुखले असे कबूल केले. आणि निकाल लागल्यावर त्याप्रमाणे वागले. राजेंद्रबाबू १९६२ पर्यंत राष्ट्रपती होते; त्या साऱ्या काळात पंतप्रधान जवाहरलालच होते. दोघांचे सूर पुष्कळदा जुळले नाहीत, पण राज्याचा गाडा त्यापायी एक दिवसही अडला नाही. निवृत्त होऊन राजेंद्रबाबू पाटण्याच्या सदाकत आश्रमात परतले आणि २८ फेब्रुवारी १९६३ रोजी तिथेच वारले.

१९५८ साली मुंबईहून 'अ बंच ऑफ ओल्ड लेटर्स' नावाचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. जवाहरलालांनी आपल्याला आलेली जुनी पत्रे त्यात छापली. तेव्हा ते पंतप्रधान होते; मनात आणते तर कडू पत्रे वगळून गोड तेवढी ठेवू शकले असते. परंतु १९३६ च्या जूनमधले ते सात सह्यांचे पत्र त्यात आहे. राजेंद्रबाबूंचे १ जुलैचे पत्र त्यात आहे. गांधीजींनी केलेली कानउघाडणीही त्यात आहे. आपल्यावरचे आरोप बावीस वर्षे जपून ठेवावे आणि मग आपल्याच हाताने छापून द्यावे, हे कोणत्याही पक्षाच्या माणसाला सोपे नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरात चार मतांची चार माणसे एकत्र येतात. कोणाला वेळ असेल तर त्याने वाचनालयातून हा ग्रंथ आणावा, आणि ती दोन-तीन पत्रे सर्वांना ऐकू जातील अशी मोठ्याने वाचून दाखवावी.